भूजलाची सूक्ष्मजीवी परीक्षा : प्रस्तावना

पाण्याची पारख करण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आणि आपल्या परीने फार विचक्षण आहे. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, कोणत्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, कोठले पाणी जड आणि कोठले हलके, कोणत्या आडाचे मचूळ आणि कोणत्या झऱ्याचे गोडे, हे सांगण्यासाठी गावातील जाणत्या बाईला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज लागत नाही. आणि पाणी कोठे लागेल हे सांगणाऱ्या पाणाड्याच्या विद्येविषयी कोणाचे काहीही मत असो, लागलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही याविषयी त्या बाईने दिलेला निवाडा सहसा फिरवावा लागत नाही, हाच सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु ही सारी पारख जिभेची, डोळ्यांची आणि नाकाची. आणि ज्या द्रव्याला पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि दहा कोटी भागांत एक भाग इतके अल्प प्रमाण ओलांडले की जे पिणाऱ्याच्या शरीरात वर्षानुवर्षे निमूटपणे आपले काम करीत राहते, त्या द्रव्यापुढे ती सर्वस्वी निरुपाय होते. आर्सेनिक हे या जातीचे द्रव्य होय. रसायनशास्त्राच्या काटेकोर वर्गवारीत ते धातू आणि अधातू यांच्या हद्दीवर उभे असले, तरी पाणीपुरवठ्याच्या दप्तरांत त्याची नोंद धातूंच्या सदरातच होत आली आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखिकांनीही तोच शिरस्ता पाळला आहे, आणि पुस्तकाचा बहुतेक भाग या एका द्रव्याला दिला आहे.

हरताळ आणि मनशीळ या रूपांत ते आपल्या रसवैद्यांना व चित्रकारांना, आणि सोमलाच्या रूपात फौजदारी कचेऱ्यांना, पूर्वीपासून चांगले परिचित होते. तथापि त्या सर्व ठिकाणी ते कोणाच्या तरी हातून आलेले असे. कोणाचाही हात न लागता, भूमीच्या पोटातूनच, ते कोट्यवधी माणसांच्या पिण्याच्या पाण्यात उतरू शकते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला समजले ते बंगालच्या त्रिभुज प्रदेशामुळे. आणि सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने भूजलाची परीक्षा करण्याच्या ज्या शास्त्राचा परिचय या पुस्तकात करून दिला आहे, त्या शास्त्राला प्रयोगशाळेतून बाहेर काढून हापशाच्या कट्ट्यापर्यंत आणणारी निकडही त्याच प्रदेशाने निर्माण केली. म्हणून ती हकिगत येथे थोडी विस्ताराने सांगणे इष्ट वाटते.

तळ्यांचे आणि नद्यांचे पाणी पिऊन पटकी आणि अतिसार यांनी माणसे, विशेषतः अर्भके, मरतात, म्हणून १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने बांगलादेशात कूपनलिका खोदण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढे सरकारी मदतीवाचून लोकांनीच आपापल्या अंगणांत त्या लक्षावधींच्या संख्येने बसवल्या. हेतू चांगला होता. जंतूंच्या दृष्टीने पाहता पाणीही चांगले होते. परंतु सीमेच्या अलीकडे, १९८३ साली, कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यापुढे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून असे रोगी येऊ लागले की ज्यांच्या छातीपाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके होते आणि ज्यांचे तळहात व तळपाय कठीण गाठींनी खरबरीत झाले होते. ही लक्षणे आर्सेनिकाची असल्याचे त्यांनी ओळखले, आणि माग काढता तो कूपनलिकांपाशी पोचला. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावच्या पाण्याचे नमुने तपासून या अनर्थाचा नकाशा सिद्ध करण्यात आपले आयुष्य वेचले. बांगलादेशात चापाई नवाबगंज येथील पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये निष्पन्न झाले. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि बांगलादेशाचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी मिळून ३५३४ विहिरींची जी पाहणी केली, तिचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १५० मीटरांहून उथळ असलेल्या विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत दर लिटरास ५० मायक्रोग्रॅम या त्या देशाच्या मर्यादेहून, आणि ४६ टक्के विहिरींत १० मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेहून अधिक आर्सेनिक आढळले. इतिहासात नोंद झालेली ही सर्वांत मोठी सामुदायिक विषबाधा होय, असे मत याच सुमारास आरोग्यशास्त्रज्ञांनी व्यक्त केले, आणि त्याला अतिशयोक्ती म्हणण्याचे धाडस कोणी केलेले माझ्या वाचनात नाही.

हे विष आले कोठून, या प्रश्नाच्या उत्तरातच सूक्ष्मजीवांचा प्रथम प्रवेश होतो, आणि तोही आरोपीच्या पिंजऱ्यातून. हिमालयाची झीज होऊन गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी सहस्रावधी वर्षे वाहून आणलेल्या गाळात वाळूच्या प्रत्येक कणावर लोहाच्या गंजाचे पातळ वेष्टन असते आणि त्या वेष्टनाला आर्सेनिक घट्ट चिकटून असते. जोवर ते तसे चिकटून आहे तोवर पाणी निर्दोष. परंतु गाळात खोल, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे राहणाऱ्या काही जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायूऐवजी लोहाचा उपयोग करता येतो; कुजलेल्या वनस्पतींचे अन्न पचवताना ते गंजातील लोहाचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या लोहात करतात, वेष्टन सुटते, आणि त्याला चिकटलेले आर्सेनिकही मोकळे होते. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम बंगालमधील गाळावर प्रयोग करून २००४ मध्ये हे दाखवून दिले. ज्या कुळाने विष मोकळे केले त्याच कुळातील दुसऱ्या घराण्याला पुढे ते विष शोधण्याच्या कामी नेमावे, हा योग विलक्षण असला तरी अकारण नव्हे: ज्यांना आर्सेनिकाच्या सहवासात राहावे लागले त्यांनाच त्याची ओळख पटवून घेण्याची गरज पडली.

या भूगर्भीय कारणाचा एक परिणाम मात्र प्रशासनाच्या दृष्टीने फार अडचणीचा ठरला. जुन्या नदीपात्राचा गाळ, दलदलीचा थर, मातीचा पडदा यांची खोली पावलापावलाला बदलत असल्यामुळे एका अंगणातील कूपनलिका विषारी आणि शंभर मीटरांवरच्या शेजाऱ्याची निर्दोष, असे तेथे सर्रास आढळते. अर्थात गावातील चार नमुने राजधानीस पाठवून साऱ्या गावाचा निवाडा करण्याची जी नेहमीची सरकारी रीत, ती येथे निरुपयोगी. प्रत्येक विहिरीची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावयास हवी, आणि विहिरी तर लक्षावधी. तरीही बांगलादेश सरकारने ते काम अंगावर घेतले, आणि सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून त्यांपैकी सुमारे १४ लाखांच्या तोटीला लाल व उरलेल्यांना हिरवा रंग दिला. इतक्या मोठ्या मोहिमेची दुसरी उदाहरणे थोडीच असतील. परंतु रंग पावसाने उडतो, आणि मोहीम संपल्यानंतर खोदलेल्या नव्या कूपनलिकेला कोणता रंग द्यावा हे सांगायला पुन्हा कोणी येत नाही.

ही तपासणी ज्या साधनाने झाली ते साधनही समजून घेण्याजोगे आहे. पाण्याच्या नमुन्यात जस्ताची पूड आणि आम्ल घातले की जो वायू निघतो त्याबरोबर आर्सेनिकही वायुरूपाने बाहेर पडते आणि वर ताणून बसवलेल्या पाऱ्याच्या क्षाराच्या कागदावर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग उमटवते. तो डाग रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहावयाचा. ही गुट्झाइटची परीक्षा एकोणिसाव्या शतकातील आहे, स्वस्त आहे, आणि तिच्यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले असतील, याविषयी शंका नाही. तथापि तपासनिसाच्या डोळ्यांवर, उन्हाच्या तिरिपीवर आणि कागदाच्या ताजेपणावर अवलंबून असणारी ही रीत नेमकी १० आणि ५० या दोन आकड्यांच्या दरम्यान, म्हणजे जेथे निर्णय करावयाचा तेथेच, डळमळते. शिवाय पाण्यातील विष शोधताना हाताळावयाचा कागद पाऱ्याचा आणि निघणारा वायू स्वतः जहरी, हा विरोधाभास आहेच. याच्या दुसऱ्या टोकाला अणुशोषण वर्णपटमापकासारखी प्रयोगशाळेतील यंत्रे. त्यांच्या अचूकपणाला तोड नाही, पण त्यांना अखंड वीज, शुद्ध वायू, प्रशिक्षित माणूस आणि पुष्कळसा खर्चवेच लागतो, व नमुना शहरात जाऊन उत्तर खेड्यात परत येईपर्यंत घरातली माणसे तेच पाणी पीत राहतात. या दोहोंच्या मधली जी रिकामी जागा, ती सूक्ष्मजीवांची.

ती जागा त्यांना प्रथम देऊ केली ती मात्र अलीकडच्या कोणी नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांच्या भिंतींवर आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाचे कागद चिकटवण्याची फॅशन होती, आणि ओलसर खोल्यांत अशा भिंतींच्या सहवासात लहान मुले आजारी पडत व कधी दगावत. १८९० नंतरच्या काही वर्षांत इटलीतील बार्तोलोमेओ गोझिओ यांनी दाखवून दिले की ओलीने आलेली बुरशी या रंगावर वाढते आणि त्यातील आर्सेनिकाचे लसणासारख्या वासाच्या वायूत रूपांतर करते. त्या वायूची रासायनिक ओळख लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी पटवली ती १९३३ च्या सुमारास. पण गोझिओ तेवढ्यावर थांबले नाहीत. संशयित पदार्थ बुरशीला खाऊ घालावा आणि लसणाचा वास येतो का ते पाहावे, अशी परीक्षा त्यांनी सुचवली, आणि त्या काळच्या रसायनज्ञांना तिच्या सूक्ष्मतेचे आश्चर्य वाटले. सजीवाला परीक्षानळी समजण्याची कल्पना तेव्हा जन्मली. लेखिकांनी तिला एका तळटीपेत बसवले आहे, ते मला पुरेसे वाटत नाही. आजच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही गोझिओंच्या बुरशीत बीजरूपाने आहेत: ती पदार्थात आर्सेनिक किती आहे हे न सांगता आपल्याला त्यातील किती मिळाले हे सांगत होती.

आधुनिक पद्धतीत बुरशीची जागा एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी, प्रयोगशाळेत वाढलेल्या वाणाने घेतली आहे. आर्सेनिकाविरुद्ध या जिवाणूचा स्वतःचा बंदोबस्त आहे: पेशीत शिरलेले आर्सेनिक पकडून बाहेर लोटणारा एक पंप आणि त्याच्या जोडीची काही प्रथिने. पण ही यंत्रणा चालू ठेवणे पेशीला महाग पडते, म्हणून गरज नसेल तेव्हा ती बंद ठेवण्याचे काम एका वेगळ्या प्रथिनाकडे सोपवलेले असते. आर्स-आर नावाचे हे प्रथिन म्हणजे दप्तरावर हात ठेवून बसलेला कारकून: जोवर त्याचा हात त्या पानावर आहे तोवर ते पान कोणाला वाचता येत नाही. पेशीत आर्सेनिक आले की या प्रथिनातील गंधकयुक्त टोके त्याला धरतात, धरताना प्रथिनाचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड सुटते, आणि आजवर झाकलेले जनुक वाचले जाऊन पंप तयार होऊ लागतो. शास्त्रज्ञांनी केले ते इतकेच, की पंपाच्या जनुकाच्या ठिकाणी, किंवा त्याच्या पाठोपाठ, सागरी जिवाणूंकडून घेतलेले प्रकाशाचे जनुक जोडून दिले. आता आर्सेनिक आले की पेशी उजळते, आणि जितके अधिक आर्सेनिक तितका, एका मर्यादेपर्यंत, अधिक प्रकाश.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यातील एकेक अडचण सोडवण्यात वर्षे गेली, आणि पुस्तकाचा सर्वांत वाचनीय भाग मला तोच वाटला. पहिली अडचण अशी की वरील प्रथिनाची पकड कधीच पूर्ण घट्ट नसते, आणि आर्सेनिक नसतानाही पेशी मंद प्रकाशत राहते. मग १० मायक्रोग्रॅमचा क्षीण उजेड त्या पार्श्वभूमीतून वेगळा काढणार कसा? स्वित्झर्लंडमधील यान रूलोफ व्हान डेर मेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या जनुकापुढे आर्स-आरला पकडण्याजोगी आणखी एक जागा निर्माण करून ही गळती बंद केली. दुसरी अडचण पाण्याची. कूपनलिकेतून कळशीत पडलेले बंगालचे पाणी काचेसारखे स्वच्छ असते, पण घटकाभर ते तसेच ठेवले तर हवा लागून त्यातील लोह गंजते, पाणी पिवळसर गढूळ होते आणि तळाशी तांबूस साका बसतो. आर्सेनिकही त्या साक्याला चिकटून खाली जाते, आणि बिचाऱ्या जिवाणूला वरच्या पाण्यात काहीच सापडत नाही. म्हणजे पाणी विषारी आणि साक्ष निर्दोषतेची! याला उपाय म्हणून नमुना काढल्याबरोबर त्यात आम्ल घालून लोह विरघळलेले ठेवावयाचे, आणि परीक्षेच्या वेळी पायरोफॉस्फेटाने ते आम्ल मारून जिवाणूला मानवेल असे पाणी करावयाचे, अशी साधी तजवीज निघाली. व्हिएतनाममधील तांबडी नदी आणि मेकाँग यांच्या खोऱ्यांतील १९४ नमुन्यांवर ही रीत वापरून तिची रुजुवात प्रयोगशाळेतील यंत्रांशी घातली गेली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर विषारी पाण्याला निर्दोष म्हणण्याची चूक ८ टक्के आणि निर्दोष पाण्याला विषारी म्हणण्याची चूक २.४ टक्के इतकीच निघाली. रासायनिक पेट्यांच्या मानाने हे यश फार मोठे होते. तथापि विषारी विहीर हिरवी रंगवली जाण्याची चूकच दोहोंत अधिक घातक, आणि येथे ती तिच्या जोडीदारणीहून तिपटीने मोठी आहे, हे वाचकाने नजरेआड करू नये.

त्यानंतर लाइपझिग येथील हेल्महोल्त्झ पर्यावरण संशोधन केंद्रातील हाउके हार्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जिवाणूंना गोठवून, शुष्क करून, काचेच्या कुपीत बंद केले आणि ते साधन प्रत्यक्ष बांगलादेशात नेले. कुपी करंगळीएवढी, तळाशी पांढरट भुकटीचा एक पातळ थर, वर रबरी बूच. सिरिंजेच्या सुईने बूच भेदून मिलिलिटरभर पाणी आत सोडावयाचे, हलवावयाचे, आणि उबदार जागी सुमारे दोन तास ठेवावयाचे. एवढ्या अवधीत भुकटीतील जीव जागे होतात, पाणी पितात आणि आपले उत्तर तयार करतात. ते उत्तर डोळ्याला दिसत नाही. हातात धरून नेता येण्याजोग्या प्रकाशमापकात कुपी ठेवली म्हणजे पडद्यावर आकडा उमटतो, आणि तोपर्यंत बूच एकदाही उघडावे लागत नाही, ही या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट. जनुक बदललेला जीव कुपीबाहेर पडू नये, अशी कायद्याची अपेक्षा असते. आपल्याकडेही पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९८९ मध्ये केलेले नियम अशा जीवांचे उत्पादन, आयात, साठवण आणि उपयोग यांवर बंधने घालतात. बूच न उघडण्याच्या युक्तीने तो आक्षेप बराचसा निरस्त झाला, पुरता झाला नाही; कारण वापरलेल्या कुपीतील जीव जंतुनाशकाने मारून तिची विल्हेवाट लावण्याचे काम अखेर कोणा तरी कर्मचाऱ्याच्या हाती राहते, आणि खेड्यापाड्यांत वापरलेल्या सुयांचे काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

गोझिओंची तळटीप सोडली, तर येथवर मी लेखिकांशी पूर्णपणे सहमत आहे. त्यांच्या उत्तरार्धाविषयी मात्र माझा थोडा मतभेद आहे, आणि प्रस्तावनाकाराने केवळ हळदकुंकू वाहून मोकळे व्हावे असे मला वाटत नसल्यामुळे तो येथे नोंदवतो.

परीक्षा कोणतीही असो, ती विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. १९९२ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशातील काही विहिरींचे पाणी तपासले, निरनिराळ्या घटकांची प्रमाणे काळजीपूर्वक नोंदवली, आणि अहवाल दिला. तपासावयाच्या घटकांच्या फेरिस्तीत आर्सेनिक नव्हते. पुढे ब्राह्मणबाडिया येथील एका रहिवाशाने या गोष्टीबद्दल इंग्लंडच्या न्यायालयांत दाद मागितली, आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची फिर्याद फेटाळली: अहवाल देणाऱ्या संस्थेचा आणि ते पाणी पिणाऱ्या माणसाचा संबंध कायद्याने कर्तव्य उत्पन्न व्हावे इतका निकटचा नव्हता, असा त्या निर्णयाचा आशय. निर्णयाच्या कायदेशीर बाजूविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु जलपरीक्षेच्या शास्त्रात या खटल्याहून बोधप्रद प्रकरण मला माहीत नाही, आणि लेखिकांनी त्याचा उपयोग करून जो युक्तिवाद केला आहे तो प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. त्या म्हणतात की रासायनिक परीक्षेला यादी लागते. सजीवाला यादी लागत नाही. सजीवाला पाणी बाधले की बाधले. त्यांच्या मते यास्तव प्रत्येक पाण्याची पहिली परीक्षा समुद्रातील स्वयंप्रकाशी जिवाणूंनी घ्यावी. व्हिब्रिओ फिशेरी या नावाने प्रसिद्ध असलेले हे जिवाणू निसर्गतःच प्रकाशतात, आणि १९८० च्या आसपास अमेरिकेत त्यांच्यावर आधारलेली परीक्षा बाजारात आली: जिवाणूंच्या प्रकाशाचे मापन करावयाचे, त्यांत संशयित पाणी मिसळावयाचे, पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांनी पुन्हा मापन करावयाचे, आणि प्रकाश जितका मंदावला तितके पाणी विषारी समजावयाचे. पारा असो, जस्त असो, तांबे असो, की ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही असे काही असो, जिवाणूंचा दिवा विझू लागतो.

युक्तिवाद सुंदर आहे, पण तो बंगालच्या बाबतीत लटका पडतो, आणि बंगालच्या उदाहरणावरच तो उभा असल्यामुळे हे सांगणे अवश्य आहे. अर्ध्या तासात ज्याचा प्रकाश मंदावतो तो जीव तत्काळ मारणाऱ्या विषाची साक्ष देतो. आर्सेनिकाच्या बाबतीत त्याला दर लिटरास मिलिग्रॅमची भाषा समजते, मायक्रोग्रॅमची नाही. दहा-पंधरा वर्षे रोज पिऊन ज्याने तळहात फुटतात आणि कर्करोग होतो ते पाणी या सागरी जिवाणूंना अगदी गोड लागेल, आणि वर त्यांना जगण्यासाठी लागणारे दोन टक्के मीठ त्यात मिसळून द्यावे लागेल. म्हणजे १९९२ च्या त्या नमुन्यांवर ही परीक्षा घेतली असती तरी ती स्वस्थच राहिली असती. कारखान्यांच्या सांडपाण्याची चौकी म्हणून तिचे मोल मोठे आहे, तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही आहे, आणि त्या प्रकरणात लेखिकांनी दिलेले विवेचन उत्तम आहे. पिण्याच्या पाण्याच्या पहिल्या परीक्षेचा मान मात्र तिला देता येणार नाही. उलट, कुपीतला तो उजळणारा जीव मायक्रोग्रॅम ओळखतो, पण एकट्या आर्सेनिकाचे. शेजारी शिसे असले तर त्याविषयी तो चकार शब्द काढणार नाही. अनेक गोष्टी स्थूलपणे जाणणारा साक्षीदार आणि एकच गोष्ट सूक्ष्मपणे जाणणारा साक्षीदार, यांतून निवड करताना काय विचारावयाचे हे ठरवण्याची जबाबदारी माणसाकडेच राहते, आणि १९९२ मध्ये उणीव पडली ती नेमकी तेथे.

याच संदर्भात एकच एक धातू ओळखणाऱ्या इतर जिवाणूंचा उल्लेख करावयास हवा. पाऱ्याविरुद्ध जिवाणूंनी उभारलेली यंत्रणा आर्सेनिकाहूनही आधी अभ्यासली गेली, आणि तिला प्रकाशाचे जनुक जोडून पाण्यातील पारा मोजण्याचे प्रयोग १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले. शिसे, जस्त, कॅडमियम आणि तांबे यांसाठीही तशी प्रथिने सापडली आहेत. त्यांपैकी पुष्कळशी ज्या जिवाणूच्या अभ्यासातून हाती आली तो जिवाणू १९७६ मध्ये बेल्जियममधील एका जस्ताच्या कारखान्याच्या निवळण-टाकीतील चिखलात, म्हणजे इतर जीव जेथे तग धरू शकत नाहीत अशा ठिकाणी, सुखाने नांदताना आढळला. हे प्रकरण पुस्तकात संक्षिप्त आहे आणि तसेच असणे योग्य. बहुतेक साधने अद्याप प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून आलेली नाहीत.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखाची गोष्ट बंगालच्या गाळाहून निराळी आहे, आणि बंगालची भीती जशीच्या तशी येथे आणण्याचे कारण नाही. पण आर्सेनिक गाळातूनच येते असेही नाही. गडचिरोलीच्या सीमेलगतच्या राजनांदगाव भागात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात व आजच्या छत्तीसगडात, कौडीकसा आणि आसपासच्या गावांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये उघडकीस आले. तेथे ते प्राचीन आग्नेय खडकांतून उतरलेले आहे. पूर्व विदर्भातील पुष्कळसा भाग अशाच प्राचीन खडकांवर वसलेला आहे, आणि खडकाला राज्याच्या हद्दी ठाऊक नसतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करीत आहे, आणि पाण्याची पातळी, क्षार, फ्लोराइड यांच्या नोंदी ठेवण्याचा तिचा शिरस्ता आता चांगला रुळला आहे. फेरिस्तीत आणखी कोणकोणती नावे असावीत, आणि ती कोणत्या तालुक्यांपुरती असावीत, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर हे पुस्तक जावे अशी माझी इच्छा आहे.

शेवटी एका नव्या दिशेकडे लक्ष वेधतो. गेल्या काही वर्षांत जिवंत पेशीला वगळून केवळ तिच्यातील प्रथिन आणि जनुक परीक्षानळीत वापरण्याच्या रीती निघाल्या आहेत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ज्यूलियस लक्स यांच्या गटाने अशी एक रीत २०२० मध्ये प्रसिद्ध केली. भुकटीत पाणी घालावयाचे, आणि धातू असला तर नळी चमकते. जनुक बदललेला जीवच नसल्यामुळे १९८९ च्या नियमांची बरीच कटकट वाचते. आणखीही एक सोय होते: आर्सेनिकाचे एक रूप फॉस्फेटाचे सोंग घेऊन त्याच्याच वाटेने पेशीत शिरते, त्यामुळे पाण्यात फॉस्फेट अधिक असले तर जिवंत जिवाणूची साक्ष बिघडते; पेशीची भिंतच नसली की वाटेचा प्रश्नही उरत नाही. परंतु जे आर्सेनिक पाण्यात आहे आणि जे सजीवाच्या आत पोचते, या दोहोंतील तफावत सांगणे, जे गोझिओंच्या बुरशीला जमत होते, ते या नळीला कसे जमावे? भिंत काढून टाकल्याने परीक्षा सुटसुटीत झाली, पण ती पुन्हा रसायनज्ञाच्या जुन्या प्रश्नाकडे वळली नाही ना, याचा विचार या क्षेत्रातील लोकांनी अजून पुरेसा केलेला दिसत नाही. लेखिकांनी हा विषय परिशिष्टात आटोपला आहे. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे, आणि गोझिओंनाही तळटीपेतून वर आणावे, अशी माझी त्यांच्याकडे आग्रहाची मागणी आहे.